पांढऱ्या काठाचं फडकं

सन २०४१ साली इचलकरंजीत माग आपले आपण चालत होते, तुटलेला धागासुद्धा आपला आपण जोडत होते, पण तान्ह्या बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालायला हौसाक्काच लागत होती. तसं न्हाऊ घालायचं यंत्रही एकदा प्रदर्शनात येऊन गेलं. पहिल्याच बाळाने त्यात बसून असा काही सूर लावला की विकणाऱ्यानेच कळ दाबून ते बंद केलं. हौसाक्काच्या पायावर मात्र बाळं गप पडून राहायची. ती पाटावर बसायची, दोन्ही पाय लांब करायची, बाळाला पालथं घालून तेल जिरवायची, आणि ऊन पाण्याचा पहिला तांब्या ओतताना त्याच्या कानाशी काहीबाही पुटपुटायची. काय पुटपुटते ते तिने कुणाला कधी सांगितलं नाही.

हौसाबाई परीट, वय एकसष्ट. बाप गावातला नावाजलेला परीट. त्याने धुतलेलं धोतर घालून माणूस लग्नाला गेला की नवरदेवाआधी लोक त्याच्याकडे बघायचे, असं ती सांगायची, आणि सांगताना मान थोडी वर करायची. बापाचा धंदा बुडाला, इस्त्रीचं दुकान गेलं, पण पांढऱ्या कपड्याचा अभिमान काही गेला नाही. ज्या घरी न्हाऊ घालायला जायची तिथली लंगोट-दुपटी ती स्वतःच्या घरी नेऊन धुवायची. घरात धुण्याचं यंत्र असलं तरी. यंत्र कपडा ओला करतं, धूत नाही, हे तिचं मत होतं आणि त्यावर वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

अशा या हौसाक्काच्या, आणि जिल्ह्यातल्या तिच्यासारख्या न्हाऊ घालणाऱ्या सगळ्या बायकांच्या, हातात सरकारने तीन वर्षांपूर्वी एकेक डबी दिली. काड्यापेटीहून जरा मोठी, काळी, बुडाला काचेचं भिंग, वर केंद्राच्या सूचना ऐकवणारी बारीक जाळी. तिचं नाव वर्णाक्ष. बायका तिला डबीच म्हणत. डबीबरोबर पांढऱ्या काठाच्या फडक्यांचा गठ्ठा मिळायचा. बाळाला लंगोट म्हणून तेच फडकं बांधायचं, बाळाने आपलं काम उरकलं की डबी आधी पांढऱ्या काठावर टेकवायची, मग डागावर. झालं. डबी हिरवी झाली तर सगळं ठीक, तांबडी झाली तर बाळाला ताबडतोब मिरजेला न्यायचं.

हे कशासाठी, ते नगरपालिकेच्या सभागृहात डॉक्टर तस्लीम मुजावर यांनी समजावून सांगितलं होतं. ही मिरजेच्या संशोधन केंद्रातली बाई, अडतीस-चाळिशीची, बारीक, बोलताना हात फार हलवणारी. रंग आणि उजेड मोजणं हेच तिचं काम. तिने एक रुमाल वर धरला आणि सभागृहातले दिवे एकामागून एक बदलले. बायकांना विचारलं, रुमाल कसला? कुणी म्हणालं लिंबाच्या रंगाचा, कुणी म्हणालं केशरी, कुणी म्हणालं मळका. रुमाल एकच होता. मग तिने सांगितलं की डोळा फार चलाख असतो, पण तो मोजत नाही, समजूत घालतो. संध्याकाळच्या तांबूस उजेडातही आपल्याला भात पांढराच दिसतो, कारण डोळ्याला ठाऊक असतं की भात पांढरा असतो. जेवायला हे फार सोयीचं. पण दोन गावांतल्या दोन डॉक्टरांनी ‘पिवळट’ असं लिहिलं तर ते एकच पिवळट आहे की नाही, हे कोण सांगणार?

डबीत सोळा बारीक दिवे होते, जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत. एकेक दिवा क्षणभर लागायचा आणि किती उजेड परत आला ते भिंग मोजायचं. पण ‘किती’ म्हणायला कशाच्या तरी तुलनेत म्हणावं लागतं. तराजूला जसं वजन लागतं तसं डबीला पांढरं लागतं. म्हणून तो काठ. काठाचं सूत असं कातलं होतं की सोळाही दिव्यांचा उजेड तो सारखाच परत द्यायचा. काठाला शंभर धरलं की डागाचं माप निघायचं. साबणाने आणि बोअरच्या पाण्याने कापडाला हळूहळू जी पिवळसर झाक येते, तिचाही हिशोब डबीत आधीच घालून ठेवला होता.

आणि डागाचं माप कशाला, तर हजारो बाळांत एखादं बाळ असं जन्मतं की त्याच्या काळजातून, म्हणजे खरं तर यकृतातून, पित्त खाली उतरायची वाट बुजत जाते. शीला पिवळा रंग येतो तो या पित्तामुळे. वाट बुजली की शी फिकट होत जाते, भिजवलेल्या पिठासारखी, आणि अडलेलं पित्त आतल्या आत यकृताला खात राहतं. साठ दिवसांच्या आत शस्त्रक्रिया करून नवी वाट काढली तर बाळ वाचायची आशा चांगली. त्यानंतर प्रत्येक आठवडा महाग. बाळ वरून गुटगुटीत दिसतं, हसतं, दूध पितं, म्हणून आईबापाला कळत नाही. लंगोटाला कळतं.

हौसाक्काला हे एका फटक्यात पटलं. तिने उभ्या जन्मात तशी दोन बाळं बघितली होती. दोन्ही वर्षाच्या आत गेली होती.

तीन वर्षांत डबीने जिल्ह्यात नऊ बाळं वेळेवर पकडली. नऊ आया. त्यामुळे डबीचा शब्द पक्का झाला. इतका पक्का, की बाकी कुणाच्या शब्दाला किंमत उरली नाही. मोठ्या दवाखान्यात न्यायचं तर डबीची नोंद लागायची, डॉक्टर पडद्यावर आधी डबीचा आकडा बघायचे आणि मग बाळाचं तोंड. घरातल्या सासवा-मावश्यांनी लंगोट उलगडून बघायचं सोडलं. हौसाक्काला तर केंद्राने शाल आणि नारळ देऊन सत्कार केला, कारण तिच्या नोंदी सगळ्यांत नेटक्या. बाकीच्यांच्या आलेखाची रेघ थरथरायची, हिची सरळ. तिची फडकी बघून इतर बायकांनी विचारलं, अशी शुभ्र कशी राहतात म्हणून. तिने अकराजणींना आपली धुण्याची पद्धत शिकवली. मोठ्या मनाने शिकवली.

मगदुमांच्या घरी ती गेली तेव्हा आर्याची मुलगी नऊ दिवसांची होती. आर्या घरातूनच कुठल्याशा परदेशी कंपनीचं काम करायची, तिचा नवरा सन्मती मागांचा कारखाना बघायचा. आर्याची आई लहानपणीच गेलेली, सासू-सासरे धाकट्या मुलाकडे बंगळुरूला. म्हणजे बाळंतिणीजवळ मोठं माणूस असं कुणी नाही. हौसाक्का एरवी सव्वा महिना जायची, पण इथे आर्यानेच गळ घातली की दोन महिने तरी या. शेगडी कशी ठेवायची, धुरी कशी द्यायची, पोरगी रडली तर कोणत्या कुशीवर घ्यायची, सगळं ती हौसाक्काला विचारायची आणि ऐकायचीही. हौसाक्काला मुलगी नव्हती. तिचा तिथे जीव रमला. बारशाला बाळाचं नाव रेवा ठेवलं.

अडतिसाव्या दिवशी हौसाक्काने रेवाचा लंगोट सोडला आणि तिचा हात थांबला.

तिने तो खिडकीपाशी नेला. रंग कमी होता. चार दिवसांपासून तिला शंका होतीच. तिने काठावर डबी टेकवली, मग डागावर. हिरवी. पुन्हा टेकवली. हिरवीच. तरी तिने आर्याला सांगितलं की शी पांढुरकी वाटतेय, डोळ्यांतही किंचित पिवळं दिसतंय, एकदा दाखवून आणूया. आर्या घाबरली, तिने लगेच डॉक्टरांना पडद्यावर गाठलं. डॉक्टरांनी डबीचे आकडे बघितले, सगळे हिरव्यात, आणि म्हणाले की अंगावर पिणाऱ्या बाळाला इतपत कावीळ राहते, जाईल. दुसऱ्या दिवशी हौसाक्काने पुन्हा विषय काढला, तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी मात्र आर्याचा संयम सुटला.

“हौसाक्का, डबी ठीक म्हणतेय, डॉक्टर ठीक म्हणतायत. तुम्ही रोज सकाळी मला घाबरवून सोडता. नका ना.”

हौसाक्काच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं, उजव्याचं व्हायचं होतं. तिला वाटलं, आपणच म्हाताऱ्या झालो. सोळा दिव्यांच्या डबीपुढे आपल्या दीड डोळ्यांचं काय? तिने आर्याला दोष दिला नाही, स्वतःलाच दिला. पण घरी गेल्यावर घास उतरेना.

सेहेचाळिसाव्या दिवशी दुपारी ती फडकी घेऊन आपल्या गच्चीवर गेली. अलीकडच्या गल्लीत आणखी एक बाळ तिच्या हातात होतं, रेवापेक्षा दोनच दिवसांनी लहान, ठणठणीत. त्याचा लंगोट आणि रेवाचा लंगोट तिने उन्हात शेजारी-शेजारी ठेवला. डोळा समजूत घालतो, कबूल. पण एकाच उन्हात, एकाच वेळी, दोन वस्तू शेजारी ठेवल्यावर किती घालेल? एक हळदीसारखा पिवळा होता. दुसरा भिजवलेल्या पिठासारखा. डबी दोन्हीला हिरवी होत होती. फक्त हळदीसारख्या डागाचा आकडा फार वर, आणि रेवाचा हिरव्यातल्या हिरव्यात तळाला.

तिने ठरवलं, डबीच बिघडली. तपासायचं म्हणून तिने सीलबंद पुडक्यातलं एक कोरं फडकं काढलं, न धुतलेलं, त्याच्या काठावर डबी टेकवली आणि मग रेवाच्या डागावर.

डबी तांबडी झाली.

हौसाक्काने पुन्हा लावून बघितली. आपल्या धुतलेल्या काठावर, हिरवी. कोऱ्या काठावर, तांबडी. सहा वेळा केलं, सहाही वेळा तेच. मग तिने ते दोन काठ एकमेकांना लावून उन्हात धरले. कोरा काठ पांढरा होता, साधा, ताकासारखा. आणि तिचा काठ डोळे दिपवणारा, गार, निळसर पांढरा. बापाच्या धोतरासारखा.

नीळ.

शेवटच्या पाण्यात त्या निळ्या भुकटीची पुरचुंडी बांधून दोनदा फिरवायची. बापाने हात धरून शिकवलेली गोष्ट. फडक्यांबरोबरच्या कागदावर छापलं होतं, ‘कोणताही रंग वापरू नये.’ तिने तो कागद तीन वेळा वाचला होता आणि तंतोतंत पाळला होता. नीळ म्हणजे काय रंग? रंग म्हणजे साडीला देतात तो. नीळ म्हणजे स्वच्छता. नीळ न देता कपडा वाळत घालणं म्हणजे तोंड न धुता पाहुण्यांपुढे जाणं. हे तिला जितकं स्वच्छ ठाऊक होतं तितकं दुसरं काहीच ठाऊक नव्हतं.

गच्चीवर बसून तिने आधी रडून घेतलं. मग विचार केला, आणि तो विचार चांगला नव्हता. उद्यापासून कोरी फडकी बांधावीत. डबी तांबडी होईल, रेवा मिरजेला जाईल. कुणाला काही कळायचं कारण नाही. आजारच असा, की हळूहळू वाढतो, काल हिरवी आज तांबडी होऊ शकते. शाल राहील, नाव राहील, आर्या राहील. आर्या राहील याचाच मोह सगळ्यांत मोठा होता.

पण मग बाकीची? तिच्या हाताखालून गेलेली बाळं, ज्यांचा सव्वा महिना संपला, ज्यांची फडकी परत आली, ज्यांच्याकडे आता कुणीच बघणार नव्हतं? आणि त्या अकराजणी? त्यांच्या बादल्यांत ह्या घडीला पुरचुंडी फिरत असेल. हौसाक्काने पदराने तोंड पुसलं, कोरं फडकं आणि निळीचं फडकं दोन्ही पिशवीत घातलं आणि भर दुपारी चालत मगदुमांच्या घरी गेली.

आर्या लॅपटॉपवर होती. हौसाक्काने तिला तो मिटायला लावला, समोर बसवलं, आणि तिच्या देखत दोन्ही काठांवर डबी लावून दाखवली. आर्या तांबड्या दिव्याकडे बघत राहिली.

“डबी खोटी न्हाई, बाळा,” हौसाक्का म्हणाली. “माझं धुणं खोटं हाय. पैल्या दिवसापासनं.”

मग तिने सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता. सांगून संपल्यावर आर्याने सन्मतीला फोन लावला, बाळाची पिशवी भरायला घेतली, आणि भरता भरता, वळून न बघता म्हणाली, “आठ दिवस वाया गेले. आणि तुम्ही रोज माझ्या मुलीला अंघोळ घालत होता.” आणि थोड्या वेळाने, “तुम्ही जा आता.” गाडी निघून गेली तेव्हा हौसाक्का फाटकाशीच उभी होती.

तिथूनच तिने तस्लीमला फोन केला. तस्लीमने आधी विचारलं, नीळ म्हणजे नक्की काय. तिच्या पिढीने तो शब्द ऐकला होता, वस्तू हाताळली नव्हती. हौसाक्काने सांगितल्यावर दोन तासांत तस्लीम स्वतः मोठं यंत्र घेऊन हौसाक्काच्या दोन खोल्यांच्या घरात हजर झाली. तिने ते फडकं यंत्राखाली धरलं, पडद्यावर रेघ उमटली, आणि रेघेला पिवळ्या-नारिंगी उजेडाच्या जागी खड्डा पडलेला होता.

तिने हौसाक्काला ते समजावलं, सभागृहात समजावलं होतं तसंच, हात हलवत. नीळ कापड पांढरं करत नाही. ती पिवळा-नारिंगी उजेड गिळते, म्हणून कापडाचा पिवळेपणा झाकला जातो आणि डोळा म्हणतो, वा, काय शुभ्र. पण डबीने त्याच काठाला शंभर धरलं. काठ पिवळा उजेड कमी परत देतो हे डबीला ठाऊक नाही. मग त्याच्या तुलनेत बाकी सगळ्या गोष्टी होत्या त्याहून पिवळ्या ठरल्या. वजनच हलकं असलं की तराजू खरा असून माल जास्त भरतो, तसं. आणि रेघ सरळ यायची ती हौसाक्काच्या हाताला सवय होती म्हणून. रोज तेवढीच नीळ.

“म्हंजे सत्कार माझ्या निळीचा झाला,” हौसाक्का म्हणाली. तस्लीमला हसू आलं नाही.

तस्लीम म्हणाली की चूक आमची. आम्ही ‘रंग’ असं छापलं आणि कपडे धुणाऱ्या एकाही बाईला विचारलं नाही की तू शेवटच्या पाण्यात काय घालतेस. आता सगळ्यांना सूचना पाठवते, कुणाचं नाव येणार नाही, ‘धुलाईत बाह्य द्रव्य आढळल्यास’ वगैरे. हौसाक्काने मान हलवली. असलं वाचून एकही बाई बादलीतली पुरचुंडी काढणार नाही. तिला स्वतःला कळलं नसतं. “नीळच म्हणा,” ती म्हणाली, “आणि मलाच बोलू द्या. माझं बघून शिकल्यात, माझंच ऐकतील.”

त्या संध्याकाळी जिल्ह्यातल्या एकूण एक डबीतून हौसाक्काचा आवाज बाहेर पडला.

“मी हौसाबाई परीट, इचलकरंजी. माझा सत्कार झाल्याला तुमी बघितला. मी फडक्याला नीळ देत हुते. त्यानं डबीला फसवलं. माझ्या हातच्या बाळाला आजार हुता आन् डबी हिरवी दावत ऱ्हायली. ज्यांनी ज्यांनी नीळ दिली, त्यांनी आजच कोऱ्या फडक्यावर पुन्यांदा बघा. सव्वा म्हैना संपल्याली बाळंबी बघा. लाज वाटंल. मलाबी वाटतीय. पर बघा.”

लाज खरोखरच पदरी आली. दोन घरांनी दुसऱ्या दिवशीच निरोप धाडला की येऊ नका. गल्लीत एकीने तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं की परटिणीने डॉक्टरकी केली की असंच होणार. हौसाक्का घरात बसून राहिली. पण तीन दिवसांत चारशे बारा बाळं पुन्हा तपासून झाली. चारशे अकरा ठीक निघाली. कबनूरचा एक मुलगा, एक्कावन्न दिवसांचा, हौसाक्कानेच न्हाऊ घातलेला, सव्वा महिना संपून दोन आठवडे झालेला, त्याच्या डागावर मात्र कोऱ्या काठाने डबी तांबडी झाली. त्याचा बाप यंत्रमागावर काम करायचा. तो हौसाक्काच्या दारात आला तेव्हा तिला वाटलं, आता हा हात उगारणार. तो उंबऱ्यावर टेकला आणि म्हणाला की तुम्ही गप बसला असता तर आम्हाला कधीच कळलं नसतं. त्याने एवढंच सांगितलं आणि मिरजेची गाडी पकडायला निघून गेला. हौसाक्काने देवापुढे दिवा लावला आणि बराच वेळ हात जोडून बसली.

रेवाची शस्त्रक्रिया बावन्नाव्या दिवशी झाली, कबनूरच्या मुलाची त्याच्या आदल्या दिवशी. हे तिला तस्लीमकडून कळलं. आतड्याचा तुकडा घेऊन यकृताला जोडतात, पित्ताला नवी वाट करून देतात. वाट चालू झाली की नाही, हे पोट उघडून बघता येत नाही. ते एकाच गोष्टीवरून कळतं, आणि ती गोष्ट लंगोटात येते. आली तर चार-सहा दिवसांत येते. कधी येतच नाही.

पहिला दिवस पांढरा. दुसरा पांढरा. तस्लीम रोज संध्याकाळी फोन करून सांगायची आणि हौसाक्का रोज “बरं” म्हणून ठेवायची. चौथा पांढरा. पाचव्या दिवशी तस्लीम म्हणाली की कबनूरच्या मुलाचं पित्त उतरलं. हौसाक्काला आनंद झाला, मनापासून झाला, आणि त्या आनंदातच रेवाची आठवण येऊन ती पदर तोंडात घालून रडली. सहाव्या दिवशी तस्लीमचा फोन आला नाही.

सातव्या दिवशी सकाळी फोन वाजला, तो आर्याचा.

“हौसाक्का, मिरजेला या. आत्ता.” एवढंच. पुढे काही विचारायच्या आत फोन बंद.

बसमध्ये तिला बसायला जागा होती तरी ती उभी राहून गेली. काय झालं असेल याचे तिने पन्नास विचार केले आणि पन्नासही वाईट होते. दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर लांब ओसरीसारखा व्हरांडा होता, त्याच्या टोकाला खिडकी, आणि खिडकीशी आर्या उभी. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं, हातात घडी केलेलं फडकं. सन्मती बाजूला भिंतीला टेकून उभा होता.

हौसाक्का चार पावलांवर थांबली. जवळ जायचा आपल्याला हक्क नाही असं तिला वाटलं. आर्याच पुढे आली.

“डबी हिरवी आलीय,” ती म्हणाली. “कोऱ्या काठावर. तीनदा लावली. तस्लीम मॅडमनी त्यांच्या यंत्रावर पण घेतलं, त्यांचाही आकडा तसाच आहे. डॉक्टर पण हो म्हणाले. पण माझा विश्वासच बसेना. मागच्या वेळी सगळे हिरवं म्हणत होते आणि एकट्या तुम्ही नाही म्हणत होता. मी तुम्हाला गप्प केलं. तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी सासऱ्यांना फोन करणार नाही. बघा तुम्ही. उजेडात बघा.”

तिने फडकं हौसाक्काच्या हातात दिलं.

हौसाक्काने घडी उलगडली, खिडकीच्या कठड्यावर पसरली. बाहेर दहाचं स्वच्छ ऊन होतं. ती वाकली. आर्याने तिचा दंड धरला होता. हौसाक्का वाकून बघत राहिली, बघत राहिली, आणि काहीच बोलेना.

“काय झालं?” आर्याने घाबरून विचारलं. “हौसाक्का? नाहीये का?”

“थांब गं,” हौसाक्का म्हणाली, “डोळं पुसू दे आदी. पाण्यातनं रंग कळंना.”

सन्मतीने आपला रुमाल पुढे केला. तिने डावा डोळा पुसला, उजवा पुसला, फडकं पुन्हा उन्हात धरलं.

“पिवळं हाय,” ती म्हणाली. “चांगलं पिवळंधमक. उतरलंय, पोरी. पित्त उतरलंय.”

आर्या तिच्या गळ्यात पडली ती सुटेचना. सन्मती भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याने बापाला फोन लावला, पण त्याच्या तोंडून शब्द फुटेना, म्हणून पलीकडचा बाप घाबरून हॅलो हॅलो करत राहिला. वॉर्डातल्या इतर बाळांच्या आया दारात जमा झाल्या. कुणीतरी ते फडकं बघायला मागितलं, तिने दुसरीला दाखवलं, आणि एक घाण झालेला लंगोट हातोहात साऱ्या व्हरांड्यात फिरून आला. कबनूरच्या मुलाची आई पेढ्याचा पुडा घेऊन आली आणि तिने पहिला पेढा हौसाक्काच्या तोंडात घातला.

आतून रेवाच्या रडण्याचा आवाज आला. भुकेचं रडणं, चांगलं खणखणीत. आर्याने डोळे पुसले आणि हौसाक्काचा हात धरून तिला आत ओढलं.

“चला,” ती म्हणाली, “टाके सुटेपर्यंत अंघोळ नाही म्हणालेत. नुसतं अंग पुसायचंय. ते मला काही धड येत नाही.”

हौसाक्काने मनगटावर पाणी घेऊन आधी ते किती ऊन आहे ते पाहिलं, आणि मग बाळाला हात लावला.